तीनदा गाळलेली

५ जानेवारी, रविवार

ही वही फक्त व्हिस्कीसाठी आहे. घरगुती गोष्टी यात येणार नाहीत, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो.

घरात झालं ते असं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी शाल्मलीचा, म्हणजे आमच्या एकुलत्या एक मुलीचा, आयर्लंडमधल्या कॉर्कहून व्हिडिओ कॉल आला. तिने भाड्याचं घर दाखवलं, खिडकी दाखवली, खिडकीबाहेरचा पाऊस दाखवला आणि सांगितलं की ती आणि प्राणेश लग्न करून तिथेच राहणार आहेत. मी अभिनंदन केलं. मग आयर्लंडबद्दल चार शब्द बोलणं ओघानेच आलं. म्हटलं, शेजारी स्कॉटलंड असून ज्यांना धड व्हिस्की करता येत नाही, त्यांच्या देशात जन्म कोण काढतं? अमेरिकन बर्बन आणि स्कॉच दोन्ही पचवलेला माणूस म्हणून मला हे बोलायचा अधिकार आहे. बोलता बोलता असंही म्हणालो असेन की प्राणेशच्या घरच्यांनी चार पिढ्या बेंगळुरूत राहून मराठीची पार भेळ केली आहे, आणि आता त्यांची नातवंडं कुठल्या भाषेत रडतील देव जाणे. पण मुख्य मुद्दा व्हिस्कीचा होता.

शाल्मली शांतपणे म्हणाली, "बाबा, इथलं एक तरी काही तुम्हाला आवडलं की फोन करा. तोवर नको." आणि स्क्रीनवर माझं एकट्याचं तोंड राहिलं.

"मग करा की फोन," कल्पना म्हणाली. "तिथलं आवडणारं एक तरी म्हणजे काय, शाल्मलीच आहे ना तिथे."

मी म्हटलं, अगं, मी व्हिस्कीबद्दल बोलतोय. माझ्या बायकोला मुद्दा धरून बोलणं कधी जमलंच नाही.

विचार करता लक्षात आलं की आयरिश व्हिस्कीला नावं ठेवलेली मुलीला इतकी लागली, म्हणजे तो तिच्या अभिमानाचा विषय झाला असणार. परदेशी गेलेल्यांचं असं होतं. आपण मोठे आहोत, आपणच एक पाऊल पुढे टाकावं. मला मनापासून आवडेल अशी एक आयरिश शोधायची आणि फोन करायचा. तिचा आवाज ऐकल्याशिवाय घर फार मोठं वाटतं, पण तो विषय या वहीचा नाही.

११ जानेवारी, शनिवार

आज बेळ्ळंदूर मराठी माल्ट मंडळाची बैठक, बेळ्ळंदूर म्हणजे आमचं बेंगळुरूतलं उपनगर. मंडळ म्हणजे आयटीतले पाच मराठी गृहस्थ, संस्थापक मी. नियम एकच. 'घेणे' हे क्रियापद इथे चालत नाही. 'आज घेऊ या', 'तू किती घेतोस', 'तो घेतो' ही भाषा कोपऱ्यावरच्या बारमधली. आपण चाखतो. जो चुकून 'घेऊ या' म्हणेल त्याने सगळ्यांना शेंगदाणे आणायचे. नागपूरचा अवधूत, माझा ऑफिसातला सहकारी, महादेवपुऱ्याहून दर शनिवारी येतो आणि जवळजवळ एकटाच मंडळाला शेंगदाणे पुरवतो.

पहिली आयरिश, हिरव्या बाटलीतली. विमानतळावरून एकाने आणली. वास, फ्रिजमध्ये विसरलेल्या सफरचंदाचा. चव, शिकरणीत स्पिरिटचा बोळा बुडवल्यासारखी. शेवट नाहीच, सुरू व्हायच्या आत संपते. बर्बन कशी, जळक्या ओकच्या पिंपातून काकवी आणि व्हॅनिला घेऊन येते आणि खुर्ची ओढून बसते. स्कॉचमध्ये धूर आहे, मीठ आहे, दवाखान्याचा वास आहे, पण चांगल्या दवाखान्याचा. हिच्यात काय आहे?

"भाऊ, हे लोक तीनदा गाळतात ना," अवधूत म्हणाला. "स्कॉचवाले बहुतेक दोनदाच गाळतात. म्हणून ही नरम राहते."

मी म्हटलं, तीनदा गाळल्यावर मागे राहणार काय? अर्धी बाटली संपवून मी माझा निषेध नोंदवला.

१८ जानेवारी, शनिवार

कंपनीची वार्षिक तपासणी झाली होती, तिचा रिपोर्ट आला. यकृताचे आकडे जिथे असायला हवेत तिथून बरेच वर गेले आहेत. डॉक्टर म्हणजे काल दाढी फुटलेला मुलगा. म्हणाला, "सर, पूर्ण बंद." मी विचारलं, पूर्ण म्हणजे? म्हणाला, "म्हणजे पूर्ण." या पिढीला छटा कळत नाहीत. मी त्याला समजावलं की माझा हा अभ्यास आहे. तो म्हणाला, अभ्यास असाच चालू राहिला तर पुढच्या वर्षी आपण वेगळ्या विषयावर बोलू.

रिपोर्ट चपलांच्या कपाटात ठेवला होता. कल्पनाला तो सापडला. तिने दोनदा वाचला, घडी घातली आणि एक शब्द बोलली नाही. मला हायसं वाटलं.

संध्याकाळी तिने आपणहून एक गोष्ट सुचवली आणि मी थक्क झालो. म्हणाली, "आयरिश आवडून घ्यायची असेल तर जीभ बाकीच्यांनी बिघडवू नका. बर्बन आणि स्कॉच मी कपाटात कुलूप लावून ठेवते. आयरिश तेवढी बाहेर." शिवाय लग्नात आलेलं ते काचेचं डिकँटर, म्हणजे व्हिस्की ओतून ठेवायची सुरई, तिने माळ्यावरून काढून घासून ठेवलं. त्यात ती रोज स्वतः भरून ठेवणार आहे. बाटली समोर नको, लेबल दिसलं की मत आधीच बनतं, म्हणाली. ब्लाइंड टेस्टिंगचं तत्त्व तिला न शिकवता कळलं! इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या छंदाला पहिल्यांदा हातभार लागला.

२६ जानेवारी

ड्राय डे. दुकानं बंद, आमचं डिकँटर भरलेलं. कढीपत्त्याची पानं अचानक पिवळी पडली आहेत. टँकरचं पाणी.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरी आयरिश, पॉट स्टिल जातीची. हिच्यात मोड आलेले जव आणि कच्चे जव एकत्र घालतात, म्हणून जिभेवर मिरी येते. बर्बन आवडणाऱ्याने आयरिशमध्ये शिरायचं तर या दाराने, असं मी मंडळाला सांगितलं आहे. पहिल्या दिवशी जळजळ होती. गुरुवारपर्यंत ती इतकी मवाळ झाली की विचारू नका. उघडल्यावर व्हिस्की हवेत खुलते हे वाचलं होतं, ते इतक्या लवकर होतं हे ठाऊक नव्हतं. जीभ तयार होत चालली आहे, दुसरं काय.

आणखी एक. सकाळी सहाला आपोआप जाग येते. डोकं दुखत नाही. तळ्याच्या बाजूने फिरायला गेलो तर तळ्याचा वास इतका स्पष्ट आला की परत फिरलो. नाकसुद्धा सुधारतंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शाल्मलीचा कल्पनाला फोन आला होता. मी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. म्हटलं, "आवडायला लागली आहे. अजून पूर्ण नाही."

"कोण?"

"आयरिश."

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. पण फोन ठेवला नाही तिने, हेही नसे थोडके. मग मी व्यवहाराचं बोललो. म्हटलं, तुम्ही एप्रिलमध्ये येणार असाल तर प्राणेशला काय द्यायचं? अंगठी, घड्याळ, सूट? त्याच्या आईवडिलांचा मानपान? नंतर कोणी म्हणायला नको की मूळच्या पुणेकरांनी हात आखडला.

ती म्हणाली, "बाबा, तेच सांगायचं होतं. प्राणेश घेत नाही. दोन वर्षं झाली. त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे ती. प्लीज, आग्रह करू नका."

"थोडंसुद्धा नाही?"

"थोडंसुद्धा नाही."

मी गहिवरलो. दोन वर्षांत आईबापांकडूनसुद्धा काही घेतलेलं नाही! मानी मुलगा. मी म्हटलं, "अगं, मला आवडलं हे. आपण नाहीच देणार काही." ती म्हणाली, "थँक यू, बाबा," आणि तिचा आवाज किती दिवसांनी मऊ झाला.

तर ठरलं. अंगठी नाही, घड्याळ नाही. माझ्या हाताने ओतलेला आयरिशचा एक ग्लास तेवढा त्याच्या हातात द्यायचा. त्याला तर कोणी आहेर म्हणणार नाही.

८ मार्च, शनिवार

तिसरी बाटली, धुरकट आयरिश. अशीही असते हे बऱ्याच स्कॉचवाल्यांना माहीतच नसतं. कल्पनाने दुपारीच डिकँटर भरून ठेवलं. स्वयंपाकघरात करवंटी जळल्याचा वास कोंदला होता. विचारलं तर म्हणाली, भरीत करतेय. (जेवायला भेंडी होती.)

पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. ओल्या मातीचा धूर. त्यामागून मध. त्यामागून लवंग, आणि घशाखाली उतरताना एक प्रामाणिक ऊब. आयर्लंडचा किनारा, भिजलेलं गवत, दूर कुठेतरी पेटलेली शेकोटी. हे मी मोठ्याने बोललो. बैठकीला आज एकटाच आलेल्या अवधूतने एक घोट घेतला, ग्लासात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बर्फ आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेला. आला तो बर्फाशिवाय. म्हणाला, "भाऊ, जबरदस्त. असं काही आजवर प्यायलो नाही." चार ग्लास झाले त्याचे. एरवी कॅब बोलावतो, आज स्वतः गाडी चालवत गेला. मी पोलिसांची आठवण दिली तर म्हणाला, "त्यांनी यंत्र तोंडात कोंबलं तरी काही निघत नाही." इतका आत्मविश्वास बरा नव्हे.

२२ मार्च, शनिवार

सापडली! गेले दोन आठवडे दुसरं काही चाखलेलं नाही. बर्बनचा गोडवा आहे, स्कॉचचा धूर आहे आणि दोघींचा उर्मटपणा नाही. तीनदा गाळण्याची मी टिंगल करत होतो, ती आज जाहीरपणे मागे घेतो. मलईसारखी उतरते. कितीही चाखा, जीभ अडखळत नाही, बायको बोलत नाही.

आणि आता खरी बातमी. डॉक्टरने पुन्हा रक्त तपासलं. आकडे खाली! त्या मुलाने माझ्याशी हस्तांदोलन केलं. म्हणाला, "सर, तुम्ही खरंच बंद केलीत." मी म्हटलं, बंद कसली, रोज तीन ग्लास, पण आयरिश. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. यावर कोणीतरी संशोधन करायला हवं, तीनदा गाळल्यावर यकृताला त्रास देणारं जे काही असेल ते निघून जात असणार. कल्पनाला सांगितलं तर तिला हसू की ठसका काय ते आवरेना, उठून गॅलरीत गेली. बराच वेळ आत आली नाही. डोळे पुसत आली. तिलाही काळजी असणार, बोलून दाखवत नाही बिचारी.

३० मार्च, पाडवा

गुढी उतरवल्यावर मी शाल्मलीला फोन केला. म्हटलं, "तिथलं एक आवडलं मला. मनापासून." ती मग म्हणाली, "बाबा, कळतंय मला तुम्ही किती प्रयत्न करताय." बारा तारखेला दोघं घरी येताहेत, शहराबाहेरच्या आनेकलहून प्राणेशचे आईवडीलही. जेवायलाच. कल्पनाला म्हटलं, डिकँटर काठोकाठ भर.

१२ एप्रिल, शनिवार

काय दिवस होता! सविस्तर लिहितो.

प्राणेशचे आईवडील, विलासअण्णा आणि नीलिमाअक्का, अकराला आले. अण्णा निवृत्त सरकारी इंजिनियर, सरळ माणूस, पण कानडी मिसळलेलं मराठी म्हणजे कानाला व्यायाम. "सर्जापूर रोडला गाडी हलेनाच बघा. स्वल्प उशीर झाला, सरी ना?" असं सगळं. प्राणेश उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. माझ्या पाया पडला. शाल्मली त्याच्या शेजारी बसली होती आणि मधूनच माझ्याकडे बघून हसत होती. तीन महिन्यांनी ते हसू पाहिलं. 

जेवणाआधी मी ट्रे आणला. डिकँटर, ग्लास सगळ्यांना. उभा राहून बोललो. बर्बन, स्कॉच, माझा अहंकार, जव, तीनदा गाळणं, किनारा, ओला वारा, सगळं. शेवटी म्हटलं, "शाल्मली म्हणाली होती तिथलं एक तरी आवडू दे. हे घे." आणि पहिला ग्लास भरून प्राणेशपुढे धरला.

त्याने हात जोडले. "काका, नको. मी घेत नाही."

मी हसलो. म्हटलं, "ठाऊक आहे रे, शाल्मलीने सांगितलंय. पण हा आहेर नव्हे."

"आहेर?" तो म्हणाला.

मानी माणसाला आग्रह करावाच लागतो. आपल्याकडे पाहुणा एकदा नाही म्हणाला म्हणून वाढणाऱ्याने पातेलं आत नेलं असं होतं का कधी? मी म्हटलं, माझ्या घरी पहिल्यांदा आलास, एक घोट. म्हटलं, माझा मान राख. म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ. शाल्मली ताडकन उठली. "बाबा, बस करा!" विलासअण्णांचा चेहरा पांढरा पडला होता आणि नीलिमाअक्का पदराचं टोक चोळत होत्या. किती संकोची कुटुंब, मला वाटलं.

कल्पना झारा हातात घेऊनच आतून धावत आली. "अहो, पुरे!" मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "प्राणेश, पिऊ नकोस हवं तर. नुसता वास घे." त्याने ग्लास हातात घेतला. तो घेतलेला पाहिला मात्र, शाल्मलीने पर्स उचलली आणि दार आपटून निघून गेली.

प्राणेशने वास घेतला. एकदा, मग पुन्हा. मान वर करून कल्पनाकडे बघत राहिला.

"सुंठ जास्त झालीय का रे?" कल्पना म्हणाली. आमरसाचं विचारत असावी.

"इल्ल काकू, नाही झाली, सरी आहे," तो म्हणाला, आणि अख्खा ग्लास एका दमात रिकामा केला.

"प्राणेश!" विलासअण्णा खुर्चीतून उठलेच. त्याने ग्लास त्यांच्या नाकाखाली धरला. "अण्णा, वास बघा आधी." अण्णांनी वास घेतला, खाली बसले आणि हसायला लागले. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले. "मला पण द्या हो, स्वल्प." मग नीलिमाअक्कांनीसुद्धा ग्लास पुढे केला! अख्ख्या कुटुंबाचा नेम मी एका बैठकीत मोडला. माझ्या आयुष्यात कुठलीही व्हिस्की इतकी कामाला आली नव्हती.

प्राणेश दुसरा ग्लास संपवून शाल्मलीला शोधायला खाली गेला. दोघं बऱ्याच वेळाने वर आली. तिचे डोळे लाल होते. सरळ स्वयंपाकघरात जाऊन कल्पनाच्या गळ्यात पडली, ती सुटेचना. मला एवढंच म्हणाली, "तुमच्याशी उद्या बोलते."

लग्न ठरलं की मुली हळव्या होतात.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी शाल्मली एकटीच समोर येऊन बसली. "बाबा, 'घेत नाही' म्हणजे काय?"

मी म्हटलं, म्हणजे आहेर, भेटी.

तिने कपाळावर हात मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "अख्ख्या महाराष्ट्रात 'तो घेतो' म्हणजे काय ते शेंबड्या पोराला कळतं. तुम्ही शब्दावर बंदी घातलीत, म्हणून अर्थपण विसरलात?" मग सांगितलं. प्राणेश दारूपायी नोकरी घालवून बसला होता. कॉर्कच्या हॉस्पिटलात पडला होता. तिथून उठला त्याला दोन वर्षं झाली आणि आजही तो रोज सकाळी नव्याने ठरवतो. "आणि तुम्ही त्याला गळ्याची शपथ घातलीत."

 मी म्हटलं, "पण काल तर त्याने दोन ग्लास..."

तिने गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "त्यालाच विचारा."

ती मला एका वाक्यात मोकळं करू शकत होती. केलं नाही. मला आनेकलपर्यंत भाजत जाऊ द्यायचं होतं तिला, आणि तिचा तो हक्क होता. मला भीती वाटली. माझ्या रिपोर्टच्या वेळी वाटली नव्हती एवढी वाटली. एका पोराने रोज सकाळी उठून जे बांधलं, ते मी ट्रेमध्ये मांडून भाषण करून मोडलं होतं. सर्जापूर रोडवर गाडी हलत नव्हती आणि मी काचा बंद करून एकटाच माफीची वाक्यं म्हणून बघत होतो. एकही धड जमलं नाही.

प्राणेश पायरीवर कॉफी पीत बसला होता. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "मला माफ कर. मला शब्द कळला नाही."

"बसा हो काका," तो म्हणाला. "तुम्हाला खरंच ठाऊक नाही, काय की?"

"काय?"

"ते व्हिस्की नव्हतं. चहा होता. सुंठ, लवंग, मध, आणि करवंटीची धुरी दिलेली. मी ते सोडलं, पण नाक मला सोडत नाही ना. ग्लास हातात आला तेव्हाच कळलं, ह्यात थेंब नाही म्हणून."

मी पायरीवर बसलो. किनारा, ओला वारा, भिजलेलं गवत, सगळं एकेक करून डोळ्यासमोर आलं. माझ्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द आला.

"मग तेव्हाच सांगायचं होतंस सगळ्यांना."

"तुम्ही एवढं भाषण केलं होतं, काका. त्यावर 'चहा आहे' म्हणून कसं सांगू? प्यायलो. चांगला होता खरंच. हॉस्पिटलातून सुटून इथे आलो होतो तेव्हा अक्का मला असंच काहीतरी द्यायची. काकू तुमच्यासाठी का करतात ते मला लगेच कळलं." तो कॉफीच्या पेल्याकडे बघत म्हणाला, "तुम्हाला मात्र कोणी सांगितलं नव्हतं, तुम्ही पण घेत नाही म्हणून."

घरी आलो. कल्पना चहाच गाळत होती. विचारलं, कधीपासून?

"जानेवारीत थोडा, फेब्रुवारीत निम्मा, मार्चपासून नुसता."

"आणि बाटल्या?"

"कढीपत्त्याला. मेला बिचारा." तिने गाळणं आपटून चोथा टाकला. "तीनदा गाळतात म्हणून कौतुक करत होतात ना? मी तीनदाच गाळायचे. नाहीतर तळाला साका दिसतो."

मी म्हटलं, हे फसवणं झालं. ती वळली. तिचा आवाज एकदम बदलला. "मग काय करू? भांडू? भांडून कधी ऐकलंत तुम्ही? तो रिपोर्ट वाचून मी रात्रभर जागी होते आणि तुम्ही घोरत होतात. मला शाल्मलीच्या लग्नात तुमच्या शेजारी बसायचंय. फोटोशेजारी नाही."

 मी झारा उचलून उगाच जागेवर ठेवला.

१४ एप्रिल

अवधूतला फोन केला. म्हणाला, "भाऊ, पहिल्याच घोटाला समजलं होतं. पण वहिनींनी हात जोडले." मग चार ग्लास कशाला प्यायलास, विचारलं. म्हणाला, "सर्दी झाली होती."

२० एप्रिल, रविवार

मुलं काल परत गेली. आज शाल्मलीला मेसेज लिहिला. चारदा खोडला, पाचव्यांदा पाठवला. 'तिथलं एक आवडलं. ते बाटलीत मिळत नाही. कॉर्कला राहतं, मराठीची भेळ करतं, नाक फार चांगलं आहे आणि म्हाताऱ्या माणसाची चारचौघांत लाज राखतं. लग्नाला बोलावशील ना?'

उत्तर आलं, 'फोन करा.' बराच वेळ बोललो. व्हिस्कीचा विषय निघाला नाही.

बर्बन-स्कॉचच्या कपाटाची किल्ली कल्पनाने माझ्यापुढे टेबलावर ठेवली होती. सकाळपासून ती तिथेच आहे. मी तिच्याकडे बऱ्याचदा पाहिलं आहे, हे खोटं कशाला लिहू. जीभ अजून विचारते. उद्याही विचारेल, आणि मला उद्या सकाळी पुन्हा ठरवावं लागेल, त्या पोरासारखं.

संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या. कढीपत्त्याच्या कुंडीत कल्पनाने नवं रोप लावलं आहे. मी आत जाऊन तिला म्हटलं, "डिकँटर भरलंय का?"

"भरलंय की."

"मग चल. घेऊ या."

तिने हात पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शेंगदाणे तुमच्याकडून."

मी चपला घालून खाली दुकानात गेलो.